सूप कोणाच्या अंगावर सांडलं?

मागच्या रविवारी एका हॉटेलात शेजारच्या दोन टेबलांमध्ये भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी पुणेरी. आवाज कोणाचाच चढला नाही, पण शब्दाला शब्द चोख. एका टेबलावर आई, बाबा आणि साधारण तीन वर्षांचा मुलगा. मुलगा स्टीलच्या चमच्याने स्टीलचं ताट बडवत होता. (खरं सांगायचं तर पोराला लय चांगली होती :) ) दुसऱ्या टेबलावर सत्तरीचे काका-काकू. पाचेक मिनिटं काकांनी सहन केलं, मग मान वळवून म्हणाले, "अहो, त्याला जरा थांबवता का? आमचं बोलणं आम्हालाच ऐकू येत नाहीये."

बाबा म्हणाला, "लहान आहे हो तो."

"तो लहान आहे. तुम्ही नाही."

आईला हे लागलं. ती म्हणाली, "आम्हीही पैसे देऊनच जेवतोय." काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलांना हॉटेलात आणतच नव्हते." मग दोन्ही टेबलं एकमेकांकडे पाठ करून गप्प बसली, आणि ताट बडवणं चालूच राहिलं.

हे सगळं चालू असताना दोन्ही हातांत थाळ्या घेऊन एक वेटर त्या दोन टेबलांच्या मध्ये अडकून उभा होता. पुढे त्या मुलाची ढकलगाडी, मागे काकूंची खुर्ची. मध्ये बोलणार कसा? गिऱ्हाईक बोलतंय ना. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण अशा वेळी मी आता वेटरकडेच बघते. त्याला कारण आहे. ते पुढे सांगते.

लहान मुलांना घेऊन हॉटेलात कसं वागावं ह्या विषयावर मी दोन्ही बाजूंनी भांडलेली आहे. लग्नाआधी मी काकांच्या पक्षात होते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थकून यावं, मैत्रिणीबरोबर कुठेतरी निवांत बसावं, आणि मागच्या टेबलावरच्या कार्ट्याने आपल्या खुर्चीला लाथा माराव्यात.. मी तेव्हा मनातल्या मनात त्याच्या आईबापांना जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग स्वतःला मूल झालं आणि मी एका रात्रीत पक्ष बदलला. "मुलं आहेत, मुलांसारखीच वागणार. आम्ही काय पाच वर्षं घरात कोंडून बसायचं?" हे वाक्य मी किमान तीन वेगवेगळ्या हॉटेलांत बोलले आहे. दोन्ही पक्षांत असताना मी बरोबरच होते असं माझं मत होतं. आता वाटतं, दोन्ही वेळा मी चुकीच्याच माणसाशी भांडत होते.

पण आधी काकूंच्या मुद्द्याकडे. 'आमच्या वेळी मुलांना हॉटेलात आणतच नव्हते' हे खरं आहे. त्यांच्या वेळी मोठी माणसं तरी कुठे उठसूट जात होती? हे तेच पुणं आहे, जिथे ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये कपभर चहा घेतला म्हणून केवढं रामायण झालं. टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथे एका व्याख्यानाला गेली होती. समोर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा प्यायलं, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी (आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आणली आणि झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसकट अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बाहेर, कोणाच्याही हातचं, कोणाच्याही शेजारी बसून खायचं की नाही, हा ह्या शहरात एके काळी धर्माचा प्रश्न होता. माझी आजी तर अगदी शेवटपर्यंत हॉटेलातला फक्त चहा घ्यायची, तोही "उकळलेला असतो म्हणून".

त्यामुळे आपल्याकडे जेवणाचे शिष्टाचार होते, पण ते पंगतीचे होते. पानात टाकायचं नाही. मोठ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. मठ्ठा हवा असेल तर वाढणारा आपल्यापर्यंत येईस्तोवर दम धरायचा. आणि वाढणारे कोण? काका, मामा, आत्येभाऊ, शेजारचे जोशीकाका. पळापळी करून वाढणाऱ्याच्या पायात आलं की तोच एक रट्टा द्यायचा, आणि त्याला तो हक्क होता. आईला त्याचं काही वाटायचं नाही. उलट म्हणायची, "बरं केलंत भाऊजी, कधीचा उंडारतोय."

हॉटेलात आलो आणि नेमकं हेच गेलं. वाढणारा आहे, पायात येणारं मूल आहे, हातात उकळतं वरण आहे. फक्त वाढणाऱ्याला बोलायचा हक्क नाही. त्याने मुलाला "ए, बस खाली" म्हटलं तर आपण थेट गल्ल्यावर जाऊ.

आता माझी गोष्ट.

२०१८ च्या डिसेंबरातली. चिरंजीव तेव्हा साडेतीन वर्षांचे होते. आमचा कॉलेजचा जुना ग्रुप बऱ्याच वर्षांनी जमला होता, सात मोठे आणि पाच पोरं. शहराबाहेरचं एक मोठं गार्डन रेस्टॉरंट ठरवलं, मुद्दाम मुलांसाठी म्हणून. हिरवळ, झोपाळा, घसरगुंडी, सगळं होतं. हॉटेलचं नाव सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही.

तासभर मुलं घसरगुंडीवर रमली. मग अंधार पडला, थंडी वाजायला लागली, मुलं टेबलांपाशी आली, आणि टेबलांमधल्या वाटांवर पकडापकडी सुरू झाली. आम्ही सगळे हॉस्टेलच्या आठवणींत. मधूनच कोणीतरी मान न वळवता ओरडायचं, "अरे, पळू नका!" हे वाक्य आई-बापांनी स्वतःच्या समाधानासाठी म्हणायचं असतं. मुलांसाठी नसतंच ते. जी मुलं पळतायत ती "पळू नका" ऐकून कधी थांबलेली मी पाहिलेली नाहीत.

सूप आलं. सहा बाउल एका ट्रेमध्ये. वेटर विशीचा असेल नसेल. माझा मुलगा खांबामागून बाहेर आला आणि सरळ त्याच्या पायांवर गेला. त्या मुलाने शेवटच्या क्षणी बघितलं आणि ट्रे स्वतःकडे कलता केला. मी हे नीट पाहिलं आहे. ट्रे पुढे गेला असता तर सहाही बाउल माझ्या मुलाच्या डोक्यावर होते. ते त्याच्या स्वतःच्या मनगटावर आणि पोटावर गेले. दोन बाउल फुटले.

आणि मी काय म्हणाले माहितीये? मी खुर्चीतून उठता उठता ओरडले, "अहो, बघून चालता येत नाही का?"

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आमच्या ग्रुपमध्ये ह्या प्रसंगाचा विषय निघतो, तेव्हा "देवाची कृपा, पोराला काही झालं नाही" इथेच गोष्ट संपते. माझ्या वाक्यापर्यंत कोणी येत नाही. मीही येत नाही.

पुढचं सगळं फार पटकन झालं. मॅनेजर धावत आला. त्याने आमची माफी मागितली. आमची! त्या मुलाला आमच्यासमोर झापलं, आत पाठवलं. दुसऱ्या मुलाने येऊन फरशी पुसली. माझ्या मुलासाठी एक आइस्क्रीम आलं, हॉटेलकडून. दहा मिनिटांत नवीन सूप आलं आणि आमच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. मुलं मात्र आता आपापल्या आईच्या मांडीवर होती. म्हणजे आम्हाला ते जमत होतं. तासाभरापूर्वीही जमलं असतं.

निघताना मला राहवेना. मी मागच्या बाजूला गेले. तो भांडी घासायच्या मोरीशेजारी एका उलट्या क्रेटवर बसला होता. मनगटावर टूथपेस्ट फासलेली. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं. जालन्याकडचा होता. मी माफी मागितली. कशी मागितली आठवत नाही, नीट मागितली नसणार. तो म्हणाला, "ताई, ट्रे असा धरला ना की खालचं लेकरू दिसतच नाही." आणि त्याने रिकामे हात छातीशी धरून मला दाखवलं.

मी घरी आल्यावर स्वयंपाकघरात मोठं परातीएवढं ताट छातीशी धरून उभी राहिले. खरंच नाही दिसत. आपल्यापुढच्या तीन-चार फुटांत कंबरेखालचं काहीही दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते.

बाउलचे पैसे त्याच्या पगारातून जाणार का, असं मी त्याला विचारलं. तो नुसता हसला. मॅनेजरला बाउलचे पैसे देऊ केले तर "छे छे मॅडम, काहीतरीच काय" म्हणून त्याने घेतले नाहीत. मग मी त्या मुलाच्या हातात पाचशेची नोट ठेवली, "बर्नॉल लाव हं" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. आमच्या तीन गाड्या होत्या. सात मोठी माणसं होती, त्यातली एक फिजिओथेरपिस्ट.

भाजण्याबद्दल मी नंतर वाचलं. साठ अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-एक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. आणि टेबलावर येणारं सूप, सांबार, चहा बहुतेक वेळा साठच्या वरच असतो. भाजल्यावर करायचं एकच, नळाच्या साध्या गार पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरायचा. अंगठी, घड्याळ, कडं लगेच काढायचं. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही, टूथपेस्ट तर नाहीच, आणि मलमही आधी नाही. त्या मुलाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर नळ होता. आम्हा दोघांपैकी कोणालाच तो उघडायचं सुचलं नाही.

मुलं आणि सार्वजनिक जागा हा वाद आता जगभर चालू आहे. आपल्याकडे इंडिगोने २०१६ मध्ये विमानातल्या काही रांगा 'शांत' ठरवल्या आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे बसायला मनाई केली. तेव्हा सगळीकडे दोन तट पडले होते. दक्षिण कोरियात तर 'नो किड्स झोन' अशा पाट्या लावलेली शेकडो कॅफे आणि रेस्टॉरंट्स आहेत. जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटने तेरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश बंद केला. प्रकरण तिथल्या मानवाधिकार आयोगाकडे गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने हा भेदभाव आहे असा निर्वाळा दिला. पण ह्या पाट्या वाढल्या कशामुळे हे शोधायला गेलं की एक जुना खटला सापडतो. बुसान शहरात एका रेस्टॉरंटमध्ये पळणारं मूल गरम पाणी नेणाऱ्या कर्मचाऱ्याला धडकलं आणि भाजलं. २०१३ मध्ये कोर्टाने मोठी जबाबदारी हॉटेलवर टाकून भरपाई द्यायला लावली. मालकांनी विचार केला, एवढी जोखीम घ्यायची कशाला? त्यापेक्षा मुलंच नकोत.

हे वाचलं तेव्हा मी दचकले. अगदी आमचीच गोष्ट. फक्त त्यांच्या वेटरला ट्रे आपल्याकडे वळवायला क्षणभर उशीर झाला असेल.

मला अशी पाटी पुण्यात यायला नको आहे. (आली तर काय शब्दांत येईल ह्याची कल्पनाच करवत नाही :) ) कारण मुलांना बंदी म्हणजे प्रत्यक्षात आयांना बंदी. माझ्या लहानपणी हॉटेलात जाणं म्हणजे महिन्यातून एकदा आईला मिळणारी सुट्टी होती. बाबा वैशालीत घेऊन जायचे. ती आयती समोर आलेली इडली हाताने न करता खाताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी विसरणार नाही. मूल आहे म्हणून त्या बाईने घरात बसायचं असेल तर मी पुन्हा भांडायला तयार आहे. शिवाय काही मुलांना आवाज, दिवे, गर्दी खरोखर सहन होत नाही आणि ती किंचाळतात. त्यात ना त्यांचा दोष ना आईचा. काकांसारखं पटकन काही बोलण्याआधी हे मनात यायला हवं. रडणाऱ्या मुलाने कोणाचं कातडं जात नाही. कान दुखतात, ते घरी गेल्यावर थांबतात.

मला वाटतं आवाजाचा प्रश्न आणि पळण्याचा प्रश्न वेगळे काढायला हवेत. आपण दोन्ही एकाच 'मस्ती'च्या खात्यात टाकतो. आवाजाचा त्रास शेजारच्या टेबलाला होतो, आणि शेजारचं टेबल बोलू शकतं. पळण्याचा, सांडण्याचा, चिवडण्याचा त्रास वेटरला होतो आणि तो बोलू शकत नाही. म्हणून माझ्या लेखी शिष्टाचार आधी त्याच्यासाठी. शेजारचे काका नंतर.

इथे मला आणखी एक आठवण सांगायची आहे. ही आईलाही माहीत नसेल.

१९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांची. बाबांबरोबर एका हॉटेलात गेले होते. टेबल पुसायला आला तो मुलगा माझ्याच वयाचा होता. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. खांद्यावर ओलं फडकं. त्याला सगळे 'बारक्या' म्हणत होते. मी बाकावर पाय हलवत बसले होते आणि माझा पाय त्याला लागला. चुकूनच. पण मला त्याची गंमत वाटली म्हणून मी दुसऱ्यांदा मुद्दाम मारला. त्याने काहीच केलं नाही, फक्त बाजू बदलून पुसायला लागला. बाबांनी ते पाहिलं. ते मला ओरडले नाहीत. म्हणाले, "ऊठ. त्याला पुसू दे नीट." आणि आम्ही दोघं उभे राहिलो, तो टेबल पुसून जाईपर्यंत. हॉटेलात टेबल पुसायला येणाऱ्यासाठी उठून उभं राहिलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मला तेव्हा भयंकर लाज वाटली होती, बाबांची.

१० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि हॉटेलं, ढाबे, चहाच्या टपऱ्यांवर कामाला ठेवायला कायद्याने बंदी झाली. त्याआधी १९८६ चा कायदा होता, पण त्यात धोक्याच्या म्हणून ठरवलेल्या कामांचीच यादी होती, आणि हॉटेल त्यात नव्हतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर काही अपवाद सोडले तर सगळ्याच कामांना बंदी आहे. म्हणजे बारक्या माझ्या समोर उभा होता तेव्हा ही बंदी आलेली नव्हती. हॉटेलात गेलेल्या दोन मुलांपैकी एकाला मोठी माणसं सांगत होती, "गप्प बस," आणि दुसऱ्याला, "पटकन पूस." आज बारक्या दिसत नाही. (हायवेच्या कडेला अजून कुठे कुठे दिसतो, हेही खरं.) पण मोठा झालेला बारक्या आहेच की. जालन्याचा तो मुलगा दहा-बारा वर्षांनी मोठा, एवढाच फरक.

वैशाली आणि रूपालीचे जगन्नाथ शेट्टी २०२३ मध्ये गेले तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी आपापल्या आठवणी लिहिल्या. पहिली एसपीडीपी, पहिली डेट, मागच्या अंगणात तासभर ताटकळून मिळालेलं टेबल. मीही लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, इतकी वर्षं तिथे जाऊन मला एकाही वेटरचं नाव माहीत नाही. चेहरे माहीत आहेत. कोण मसाला डोशाबरोबर न मागता जास्तीची चटणी आणतो तेही माहीत आहे. नाव नाही. लेख तिथेच राहिला.

तर २०१८ नंतर आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. उपदेश म्हणून सांगत नाही. आमचे नियम आहेत, आणि ते आम्ही मोडतोही.

मूल लहान असताना रविवारी सकाळी साडेदहाला गर्दीच्या ठिकाणी जायचं नाही. तिथे लोक तुमच्या खुर्चीमागे उभं राहून तुमच्या ताटातला डोसा किती उरलाय ते मोजत असतात. त्या ताणात कोणतंही मूल बिघडेल, मोठी माणसंही बिघडतात. आठ वाजता जा नाहीतर दुपारी चारला. मूल घरून थोडं खाऊन निघालेलं बरं. उपाशी मुलाला वीस मिनिटं थांब म्हणणं हा त्याच्यावर आणि वेटरवर दोघांवर अन्याय आहे.

टेबल भिंतीकडेचं घ्यायचं आणि मूल भिंतीच्या बाजूला, वाटेच्या बाजूला नाही. गरम पदार्थ मुलाच्या डोक्यावरून टेबलावर येणार नाही असं बसायचं. सिझलरच्या बाबतीत तर नक्कीच. कॅम्पातल्या 'द प्लेस'ने पुण्याला सिझलरची चटक लावली त्याला पन्नासेक वर्षं झाली, पण धूर निघणारी ती प्लेट बघून हात पुढे न करणारं मूल अजून जन्माला यायचंय.

पळायचं नाही, ह्याचा अर्थ मोठ्यांपैकी एकाने उठायचं. बसल्या जागेवरून ओरडणं बाद. मूल चुळबुळायला लागलं की आळीपाळीने त्याला बाहेर न्यायचं, पार्किंगमधल्या स्कूटर मोजायच्या, मांजर शोधायचं. ह्यात एकाचं जेवण गार होतं. होऊ द्यावं. आमच्याकडे बाबाचं जेवण जास्त वेळा गार झालं आहे हे इथे नोंदवते, सासूबाई वाचतात म्हणून :)

मोबाइलचं काय? मी त्यात साधू नाही. 'बेबी शार्क' नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवरचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ ठरला, त्यात आमच्या टेबलाचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको. बरोबरच आहे. पण कधीतरी दहा मिनिटं द्यावा लागला तर आवाज बंद करून द्यावा. आणि तो दिलेला असताना मुलाच्या तोंडात घास भरत बसू नये, आपणही थोडं जेवून घ्यावं.

सांडलं तर मुलाला घेऊन आपण वाकायचं. सगळं पुसायला जमत नाही, फरशी त्यालाच पुसावी लागते, पण टेबलाखालचा भात टिश्यूने गोळा करायला काय हरकत आहे? आमच्या शेजारणीचं म्हणणं, "त्यांचं कामच आहे ते, त्याचे पैसे घेतात." घेतात. पण तो भात मालक नाही पुसत, आणि त्या भाताचे वेगळे पैसे त्या मुलाला मिळत नाहीत. म्हणून टीप बिलाच्या हिशोबाने न ठेवता आपण मागे केलेल्या पसाऱ्याच्या हिशोबाने ठेवावी, आणि मुलाच्या हातून द्यावी. मुलाला कळतं की समोर माणूस आहे.

आणि शेवटचं. वेटरला "शुक शुक" करायचं नाही, चुटकी वाजवायची नाही. नाव विचारायचं किंवा दादा, काका, मामा म्हणायचं. हे बारीक वाटतं, पण मुलं आपलं हेच उचलतात. "वेटरला त्रास देऊ नकोस" असं मी शंभरदा सांगितलं असेल, आणि एकदा चुटकी वाजवली असेल तर त्याने चुटकीच लक्षात ठेवली असेल. साडेतीन वर्षांच्या माझ्या मुलाने त्या रात्री आईला म्हणताना ऐकलं, "बघून चालता येत नाही का?" हे त्याच्या डोक्यातून पुसायला मला किती वेळा टेबलाखाली वाकावं लागलं ते माझं मला माहीत.

हॉटेलवाल्यांनीही काही करावं. दोन टेबलांमध्ये ट्रे घेऊन माणूस जाईल एवढी वाट ठेवावी, लहान मुलांसाठी उंच खुर्च्या ठेवाव्यात. मुलं पळत असतील तर मॅनेजरने येऊन आई-बापांना सांगावं, वेटरवर ते सोडू नये. तो पगार त्याला ह्यासाठीही मिळतो. आम्हाला त्या रात्री फुकटच्या आइस्क्रीमऐवजी कोणीतरी कडक शब्द ऐकवायला हवे होते.

तर मागच्या रविवारी. काका-काकू आणि ते आई-बाबा पाठ करून बसलेले, वेटर थाळ्या घेऊन मध्ये अडकलेला. मी उठणार एवढ्यात आमचे चिरंजीव (आता माझ्या खांद्याला लागलेत) आपली खुर्ची आत ओढून म्हणाले, "दादा, इकडून या, इकडून जागा आहे." वेटर आमच्या बाजूने वळून गेला. थाळ्या काका-काकूंच्याच होत्या. गरम पुरी आल्यावर काकांचा अर्धा राग तिथेच उतरला. काकूंनी थोड्या वेळाने त्या ताट बडवणाऱ्याला एक पापड देऊ केला. त्याने तो घेतला, आणि चमचा खाली ठेवला.

मी कौतुकाने आमच्या चिरंजीवांकडे वळले, तर ऐटीत खुर्ची परत सरकवताना त्यांच्या कोपराने ताकाचा ग्लास आडवा. सगळं टेबलभर. फडकं मागायला तो स्वतःच उठून गेला.

असो.